भाड्याच्या खोलीत विक्कन वेदी मांडताना

विक्का या पाश्चात्त्य, निसर्गपूजक पंथाबद्दल मराठीत शोधायला गेलं की एक तर भुताखेतांचे व्हिडिओ समोर येतात, नाहीतर 'काळ्या जादूपासून सावधान' छापाचे लेख. इंग्रजीत माहिती रगड आहे, पण ती इंग्लंड-अमेरिकेत स्वतःच्या घरात राहणाऱ्यांसाठी लिहिलेली. बेळगावच्या वडगावात भाड्याच्या दोन खोल्या, घरमालकीण वरच्या मजल्यावर, आई निपाणीला आणि नोकरी पतसंस्थेत हिशेब लिहिण्याची, अशा बाईनं वेदी मांडायची तर काय करायचं हे कुठंच सापडेना. २०२३ च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत मी ते माझं मीच शोधत गेले. कुणाला उपयोग झाला तर व्हावा, म्हणून हे लिहून ठेवते आहे.

विक्का दिसायला फार पुरातन, पण आजच्या रूपात तो विसाव्या शतकातला. इंग्लंडमध्ये १७३५ पासून चालत आलेला चेटूकविरोधी कायदा १९५१ साली रद्द झाला आणि १९५४ साली जेराल्ड गार्डनर यांनी या पंथाविषयी उघडपणे पुस्तक लिहिलं. पुढं डोरीन व्हॅलिएन्टी यांनी त्यातल्या कित्येक प्रार्थनांना आजचं रूप दिलं. देवी आणि शिंगं असलेला देव अशी जोडी, वर्षाचे आठ सण, पौर्णिमेच्या बैठका, आणि 'कुणाला इजा होत नसेल तर मनाला येईल ते कर' हा नियम. गार्डनर यांनी मलायात कस्टम्स खात्यात नोकरी केली होती आणि तिथल्या क्रिस नावाच्या खंजिरांचा त्यांचा अभ्यास दांडगा होता. वेदीवर सुरीला एवढा मान का, याचं उत्तर मला तरी त्यात दिसतं. जाणकारांनी हवं तर भांडावं.

मूळ परंपरेत 'कोव्हन' म्हणजे छोट्या मंडळात दीक्षा घ्यावी लागते. ती न घेता एकट्यानं आचरण करणारेही जगभर आहेत, मी त्यांतली. त्यामुळं मी स्वतःला गार्डनेरियन म्हणवत नाही, तुम्हीही दीक्षेशिवाय म्हणवू नका. त्यांच्याकडं गुरुपरंपरेला आपल्याइतकीच किंमत आहे.

अधिक महिना संपून १७ ऑगस्टला निज श्रावण लागला तेव्हा मी ठरवलं की ३१ ऑक्टोबरच्या साविनपर्यंत वेदी तयार करायची. लिहिताना 'सॅमहेन' असं दिसतं, उच्चार साविन किंवा साउइन. विक्कन वर्ष तिथं संपतं आणि नवं सुरू होतं, तो पितरांचाही दिवस. शिवाय माझा भाडेकरार ३० सप्टेंबरला संपत होता. नवा करार करायच्या आत मालकीणबाईंना सांगणं भाग होतं, कारण धूप आणि मेणबत्त्या लपून राहत नाहीत. लपवून करावं असं मला वाटतही नव्हतं.

खरेदीच्या आधी मी कायदा वाचून घेतला, आणि माझ्या मते सुरुवात तिथूनच करावी. कर्नाटकात २०१७ साली काळी जादू आणि अमानुष प्रथांविरुद्ध कायदा झाला, २०२० च्या जानेवारीत तो लागू झाला. महाराष्ट्राचा २०१३ चा. मला कन्नड बोलता येतं, पण कायद्याचं कन्नड झेपत नाही, म्हणून ऑफिसातल्या मैत्रिणीनं दुपारच्या डब्याच्या वेळी एकेक कलम वाचून मराठीत सांगितलं. या कायद्याचा रोख दुसऱ्याला इजा करणं, फसवणं, भीती घालून पैसे उकळणं, बळी देणं यांवर आहे. आपल्या घरात मेणबत्ती लावून कुणी ध्यान केलं तर तो गुन्हा नव्हे. पण कुणाची 'बाधा काढून देते' म्हणून पैसे घेतलेत तर गोष्ट वेगळी. वेदी मांडल्याचं कळल्यावर तसं विचारणारे येतातच. माझ्याकडंही एक ओळखीच्या काकू सुनेचं गाऱ्हाणं घेऊन आल्या. चहा पाजून पाठवलं.

मालकीणबाई कन्नड, वयानं आईएवढ्या, मी त्यांना अक्का म्हणते. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात वर गेले आणि जमेल तसं सांगितलं. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "माटमंत्र नव्हं न्हवं, तंगी?" म्हणजे जादूटोणा तर नव्हे ना. मग रक्ताचं विचारलं, लिंबाचं विचारलं, स्मशानातलं काही आणणार का ते विचारलं. तिन्हीला नाही म्हटलं. अमावस्येला काही करणार का? मी म्हटलं, माझं सगळं पौर्णिमेचं. तेव्हा कुठं त्या जरा सैल झाल्या आणि खरा मुद्दा बाहेर आला: धुरानं भिंत काळी झाली तर रंग कोण देणार? शेवटी नव्या अकरा महिन्यांच्या करारात डिपॉझिट दोन हजारांनी वाढलं आणि 'भिंतीला काजळी धरल्यास रंगाचा खर्च भाडेकरूचा' असं एक वाक्य आलं. धर्माचा उल्लेख कुठंच नाही, तो यावा असा आग्रह मीही धरला नाही. एवढं ठरायला गणपती येऊन गेले.

आता वस्तू. परदेशातून तयार संच मागवायचा विचार आधी मनात होता. हिशेब करून बघितला. वैयक्तिक वापरासाठी टपालानं किंवा कुरिअरनं मागवलेल्या मालावर त्या वेळी सगळं धरून ७७.२८ टक्के शुल्क बसत होतं. म्हणजे पाच हजारांच्या मालावर ३,८६४ रुपये, वर केवायसीची कागदपत्रं, वर सुरी म्हटल्यावर पार्सल अडकून पडायची धास्ती. पंथाचा प्रवर्तकच कस्टम्सचा माणूस होता हे आठवून हसू आलं आणि तो नाद सोडला. बेळगाव-खानापुरात मिळेल त्यातूनच मांडायची.

टेबल आज्जीचं. तिच्या शिलाई मशीनचं लाकडी टेबल निपाणीच्या घरी माळ्याखाली पडून होतं. चुलतभावाच्या गाडीतून ते आलं, पॉलिशला १८० रुपये गेले. वेदीला लाकूड चालतं, दगड चालतो, आकार गोल असो की चौकोनी. उंची मात्र तुम्ही उभं राहून करणार की बसून, यावर ठरवा. मला मांडी घालून बसायची सवय, पण टेबलाशी उभं राहावं लागतं. सुरुवातीला ते अगदी कवायतीसारखं वाटायचं. वर घालायला खडे बाजारातून हिरवा खण घेतला, २२० रुपये. काळं कापडही पुष्कळ जण घालतात. अक्कांच्या तोंडाकडं बघून मी हिरवं घेतलं.

सगळ्यात जास्त शंका अथेमीच्या. ही काळ्या मुठीची, दुधारी सुरी. तिनं काही कापायचं नसतं. वर्तुळ आखताना, मीठ पाण्यात मिसळताना, दिशांना आवाहन करताना मनातली शक्ती ज्या टोकातून बाहेर जाते ते हे टोक, अशी कल्पना. म्हणून ती बोथट असली तरी चालते, काही जण मुद्दाम बोथटच ठेवतात. काळ्या आणि पांढऱ्या मुठीच्या सुऱ्या युरोपातल्या मध्ययुगीन मंत्रग्रंथांतून इथवर आल्या. शस्त्रांच्या नियमांचं एका ओळखीच्या वकिलांना विचारलं. त्यांनी नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याच्या भानगडीत पडू नको असं बजावलं, आणि घरातली वस्तू घरातच ठेव, पिशवीत घालून हिंडू नको असंही. मी पातं पाच इंच लांब, एक इंच रुंद ठरवलं.

वडगावच्या बाहेर एका खेड्यात लोहाराची शाळ आहे. त्यांना कागदावर चित्र काढून दाखवलं. "दोन्ही अंगानं धार कशाला, ताई? कोंबडं कापायचंय काय?" मी म्हटलं, धार नकोच, नुसता आकार हवा. यावर ते आणखीच गोंधळले. धार नसलेली सुरी करून घेणारं गिऱ्हाईक त्यांना पहिल्यांदाच भेटत होतं. शिसवी मूठ, काळं पॉलिश, सगळं मिळून ६५० रुपये सांगितले. गणपतीत दिलेलं काम ऊसतोडीच्या कोयत्यांच्या गर्दीत मागं मागं जात राहिलं. फोन केला की "झालंच म्हणून समजा" एवढंच. शेवटी २३ ऑक्टोबरला तयार झाल्याचा निरोप आला, आणि ती निघाली खंडेनवमी. लोहाराकडं गेले तर ऐरण, हातोडे, सांडशी धुऊनपुसून मांडलेल्या, झेंडूची माळ, आणि त्यांच्यात माझी अथेमी, हळदकुंकू लावलेली. त्या दिवशी हत्यार उचलायचं नाही म्हणून त्यांनी ती दिली नाही, दुसऱ्या दिवशी दसऱ्याला सोन्याबरोबर हातात ठेवली. नव्या साधनावरचा आधीचा संस्कार धुऊन काढावा असं विक्कन पुस्तकं सांगतात. मी कुंकू पुसलं नाही. माझ्या मते तिचा पहिला संस्कार तिथंच झाला, आणि तो करणारा माणूस लोखंडाला माझ्यापेक्षा जास्त ओळखतो.

पांढऱ्या मुठीची बोलीन ही खरोखर कापायची सुरी. वनस्पती तोडायला, मेणबत्तीवर खूण कोरायला. ती विळ्यासारखी वाकडीही असते. घरात खुरपं होतं, त्याच्या मुठीला पांढरा रंग दिला. झालं.

छडीसाठी इंग्रजी पुस्तकं हेझल, ओक, विलो अशी झाडं सांगतात. लांबी कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. इथं या झाडांच्या मागं लागण्यात अर्थ नाही. आणखी एक, जांबोटी-कणकुंबीकडं फिरायला गेल्यावर फांदी उचलून आणू नका. त्या भागात राखीव जंगल आहे, पुढं भीमगड अभयारण्य आहे, तिथून काटकीसुद्धा आणायला परवानगी नसते. अक्कांच्या अंगणातल्या जांभळाची एक फांदी ऑगस्टच्या वाऱ्यात पडली होती, तीच विचारून घेतली. सावलीत वाळवली, साल काढली, अळशीचं तेल लावलं. छडी अग्नीची की वायूची, यावर दोन मतं आहेत. एका मतानं छडी अग्नी आणि अथेमी वायू, दुसऱ्या मतानं उलट. पहिली वाटणी १८८८ साली निघालेल्या गोल्डन डॉन या इंग्लंडमधल्या गूढविद्या मंडळाची. मी तीच धरली. लाकूड जळतं, एवढं कारण मला पुरलं.

पेंटॅकल म्हणजे पाच टोकांचा तारा कोरलेली तबकडी, पृथ्वीतत्त्वाची. वेदीच्या मधोमध असते आणि जी वस्तू भारायची ती तिच्यावर ठेवतात. ताऱ्याची चार टोकं चार तत्त्वांची आणि वरचं टोक आत्मतत्त्वाचं. पंचमहाभूतांत वाढलेल्या आपल्याला हे पटकन कळतं, फक्त आकाशाच्या जागी तिथं 'स्पिरिट' आहे. ही तबकडी मातीची करायची हे माझ्या मनात पहिल्यापासून होतं, कारण खानापूर जवळ. तिथं कुंभारकामाची सरकारी संस्था आहेच, शिवाय घरोघरीचे कुंभार आहेत. कर्नाटकात बायकांना बसप्रवास मोफत करणाऱ्या शक्ती योजनेमुळं तेव्हा तिकीट शून्य होतं, फक्त कर्नाटकच्या पत्त्याचं आधार कार्ड जवळ ठेवलं. सप्टेंबरमध्ये गेले तर कुंभारमामांनी सरळ सांगितलं की हवेत ओल आहे, माल वाळत नाही, आणि पुढं घटस्थापनेच्या घटांची घाई. पणत्यांच्या भट्टीबरोबर भाजून देतो म्हणाले. ओल्या तबकडीवर खिळ्यानं तारा मी स्वतः कोरला. "आक्का, चांदणी खोल काढू नका, भट्टीत तिथंच चिरंल," हा त्यांचा सल्ला कुठल्याही पुस्तकात नव्हता.

त्यांच्याकडूनच एक मातीचा बैल घेतला, शिंगं चांगली लांब असलेला, बेंदराला करतात तसा. तबकडी आणि बैल मिळून १५० रुपये. हा बैल माझा शिंगवाला देव. पाश्चात्त्य वेद्यांवर देवासाठी हरणाची शिंगं दिसतात. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याखाली मालकीच्या सरकारी प्रमाणपत्राशिवाय ती बाळगणं गुन्हा आहे, आजोबांच्या काळातली भिंतीवर असली तरी. ऑनलाइन कुणी 'नैसर्गिक गळलेलं शिंग' म्हणून विकत असेल तर तिकडं फिरकू नका.

देवीसाठी मी मूर्ती ठेवलेली नाही. आमच्या घरात सौंदत्तीच्या यल्लम्माचं आहे, आज्जी होती तोवर दर भारत हुण्णिमेला, म्हणजे माघी पौर्णिमेला, डोंगरावर जाणं चुकलं नाही. 'सगळ्या देवी एकच' म्हणून रेणुकेचा टाक वेदीवर ठेवावा असं मला सुचवणारे भेटले. मला ते पटत नाही. तिचे तिचे नियम आहेत, परडी आहे, डोक्यावर वाहायचा जग आहे, तिचं नाव घेऊन आयुष्य काढलेल्या बायका आहेत. तिला दुसऱ्याच विधीत ओढून आणणं म्हणजे आपल्या सोयीसाठी तिला कामाला लावणं. देवीच्या जागी मलप्रभेतला एक गोल, गुळगुळीत गोटा आहे.

बाकीचं लवकर झालं. प्याला, म्हणजे चॅलिस, जलतत्त्वाचा आणि देवीचा. खडे बाजारात वजनावर पितळी प्याला घेतला, बुडाला उंच बैठक असलेला, ५४० रुपये. आतून कल्हई आहे का ते बघून घ्या, कारण त्यातून प्यायचं असतं. कढई, म्हणजे कॉल्ड्रन, बिडाची लागते. बेळगाव फाउंड्र्यांचं गाव, उद्यमबागेतल्या एका ओळखीतून बिडाचं छोटं भांडं वजनाच्या भावात मिळालं, ४०० रुपये, खाली तिवई ठेवली. आत निखारा ठेवायचा तर तळाला दोन बोटं कोरडी वाळू घाला, नाहीतर भांडं तापून टेबल जळतं. वापर झाला की तेलाचा हात फिरवा, पावसाळ्यात बीड फार लवकर गंजतं. धुपाटणं घरचंच, कोळसा आणि ऊद ९० रुपये. देवीची पांढरी आणि देवाची पिवळी मेणबत्ती कॅम्पातून, जाड बघून, १६०. खडे मीठ स्वयंपाकघरातलं, घंटा देवघरातली. आणि वही. 'बुक ऑफ शॅडोज' म्हणजे आपल्या विधींची हातानं लिहिलेली नोंदवही, त्यासाठी लक्ष्मीपूजनाला दुकानदार नेतात ती लाल कापडी बांधणीची चोपडी घेतली. १३० रुपये, पानं जाड, शाई फुटत नाही.

दिशांनी मात्र डोकं खाल्लं. तिकडची वाटणी अशी: उत्तरेला पृथ्वी, पूर्वेला वायू, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला पाणी. आपल्या वास्तूत अग्नी आग्नेयेला, वायू वायव्येला, पाणी ईशान्येला, पृथ्वी नैऋत्येला. इंग्लंडातून बघितलं तर दुपारचा सूर्य कायम दक्षिणेकडं असतो, म्हणून अग्नी दक्षिणेला. बेळगावात मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत तोच सूर्य भरदुपारी डोक्याच्या उत्तरेला कललेला असतो. मग अग्नी कुठं? मी बरेच दिवस घोळ घालून शेवटी मूळ वाटणीच ठेवली. एक तर दुसऱ्याची पद्धत शिकताना पहिलं वर्ष तरी तिच्याच रीतीनं करावं असं मला वाटतं, आणि दुसरं म्हणजे पश्चिमेचं पाणी आपल्यालाही अगदी चपखल लागू पडतं, समुद्र तिकडं आणि पाऊस तिकडूनच. फोनमधल्या होकायंत्रावर भरवसा ठेवताना जवळ लोखंडी कपाट नाही ना ते बघा.

२७ ऑक्टोबरला आई निपाणीहून आली. दुसऱ्या दिवशी कोजागरी, आणि त्याच रात्री खंडग्रास चंद्रग्रहण, एकच्या सुमारास लागून अडीचच्या आत सुटणारं. मला पौर्णिमेला साधनांचं शुद्धीकरण करायचं होतं. आईचं म्हणणं, वेधात कसली पूजा? मी म्हटलं, ही पूजा तुझ्या पंचांगातली नाही. "चंद्र तर त्याच पंचांगातला आहे ना?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. मग संध्याकाळी चंद्र उगवल्यावर करायचं आणि ग्रहण लागायच्या कितीतरी आधी आवरायचं असं ठरलं. तिनं घरातल्या सगळ्या पाण्यात तुळशीपत्रं टाकली. वेदीवरच्या प्याल्यातही टाकलं, मला न विचारता.

मांडणी आईसमोरच केली. मध्ये तबकडी. माझ्या डाव्या हाताला देवीची बाजू: गोटा, पांढरी मेणबत्ती, प्याला, घंटा, पाणी. उजव्या हाताला देवाची: बैल, पिवळी मेणबत्ती, अथेमी, छडी, धुपाटणं. बिडाचं भांडं खाली जमिनीवर. आई म्हणाली, "डावीकडं देवी, बरोबर आहे, वामांगी." तिला सांगितलं की इथं डावीउजवी समोर उभ्या असलेल्याची, देवाची नव्हे. "मग चुकलंच की." दक्षिणेच्या मेणबत्तीवरून आणखी एकदा झालं. केरसुणीवरून तर चांगलंच. विक्कात झाडू हे साधन आहे, विधीच्या आधी जागेवरून तो फिरवतात, धूळ काढायला नव्हे तर साचलेलं जड काहीतरी बाहेर लोटायला. मी तो टेबलाच्या पायाशी टेकवून ठेवला होता. आईनं उचलला, आडवा केला, कुणाचा पाय लागणार नाही अशा कोपऱ्यात ठेवला आणि म्हणाली, "दोन आठवड्यांनी हिचीच पूजा करायची आहे, अशी उभी काय करतेस गं?" तो अजून तिथंच असतो.

शुद्धीकरण सोपं असतं. प्रत्येक वस्तू धुपाच्या धुरातून, ज्योतीच्या वरून फिरवायची, मिठाच्या पाण्याचे थेंब शिंपडायचे, तबकडीवर ठेवून ती कशासाठी वापरणार ते आपल्या शब्दांत सांगायचं. मी मराठीत बोलले. इंग्रजी पद्य पाठ केलं होतं, पण आई पलंगावर बसून वाती वळत असताना ते तोंडातून येईना. वस्तू बऱ्याच असतात, वेळ धरून बसा, आणि खिडकी उघडी ठेवा. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं ते निव्वळ उदानं.

नंतर बासुंदीसारखं आटवलेलं दूध आम्ही नऊच्या आधीच प्यायलो. चंद्रप्रकाशात ठेवायचा सोपस्कार आईनं दोन मिनिटांत उरकला.

३१ ऑक्टोबर मंगळवार होता. ऑफिसातून सातला आले, अंघोळ केली. आई परत गेली होती. वर्तुळ आखायची रीत अशी: झाडू फिरवायचा, मीठ-पाणी शिंपडायचं, मग अथेमी पुढं धरून सूर्याच्या दिशेनं, म्हणजे प्रदक्षिणेसारखं उजवीकडून फिरायचं. पारंपरिक वर्तुळ नऊ फुटांचं. माझ्या खोलीत पलंग धरून एवढी जागा कुठली? पलंग आत धरूनच फिरले. वर्तुळ मनात आखायचं असतं, त्याला पलंगाची अडचण होत नाही. पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर असं आवाहन. आज्जीचा फोटो वेदीवर ठेवला. साविनला काही जण मृतांसाठी पान वाढून न बोलता जेवतात. महालयात निपाणीला तिचं पान झालं होतं, कावळ्यानंही वेळेत घास घेतला होता, त्यामुळं पुन्हा पान वाढताना थोडं बिचकले. पण तिच्या आवडीची ज्वारीची भाकरी आणि झुणकाच होता, आणि तिला दोनदा जेवायला कधीच हरकत नसायची. अथेमीचं टोक प्याल्यात उतरवायचा विधी असतो, देव आणि देवीच्या मीलनाचं प्रतीक. तो केला. प्याल्यात वाइनऐवजी कोकम सरबत, केकऐवजी कुंदा. शेवटी आवाहन केलेल्यांना निरोप, वर्तुळ उलट्या फेऱ्यानं मोकळं. प्याल्यातलं थोडं उरवून सकाळी जांभळाच्या बुंध्याशी ओतलं.

काय वाटलं, असं मैत्रीण विचारत होती. अंगात काही आलं नाही, दिवे फडफडले नाहीत. पहिला अर्धा तास 'पुढं काय होतं' म्हणून वही चाळण्यात गेला. आज्जीशी बोलताना मात्र रडू आलं, आणि ती वारल्यापासून तसं आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी १ नोव्हेंबर. राज्योत्सवाची सुट्टी, आणि आपल्याकडं, सीमाभागातल्या मराठी माणसांत, काळा दिवस. काळी ओढणी घेऊन बाहेर पडले तर जिन्यात अक्का भेटल्या, माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "हे कशाचं, कालचं का आजचं?" आजचं म्हटल्यावर त्या जरा नाराज झाल्या. कालचं असतं तर चाललं असतं.

एकूण खर्च २,५२० रुपये, वाढीव डिपॉझिट सोडून. सगळ्यात जास्त वेळ लागला तो लोहाराकडं आणि कुंभाराकडं, म्हणून ही दोन कामं पावसाच्या आधी, मेमध्येच सांगून ठेवा. आईनं नातेवाइकांना 'ती ध्यान करते' एवढंच सांगितलंय. मी ते दुरुस्त केलेलं नाही.

२२ डिसेंबरला यूल, आठ सणांतला पुढचा सण, झाला. त्याला ओंडका जाळायची रीत आहे. ओंडका हा शब्द ऐकूनच अक्का खाली आल्या. जांभळाच्या उरलेल्या फांदीला तीन भोकं पाडून त्यांत मेणबत्त्या लावायच्या, यावर तडजोड झाली. त्या निमित्तानं त्यांनी भिंतीवरून बोट फिरवून बघितलं, अजून पांढरं निघतं. वाढवलेल्या दोन हजारांची पावती मी तेव्हाच त्यांच्या सहीनिशी घेऊन ठेवली आहे. तुम्हीही घ्या, आणि करार करायच्या दिवशी भिंतीचे फोटो काढून ठेवा.